मेजर, मायनर आणि टेलचं पाणी

मे महिन्यातली संध्याकाळ. पतसंस्थेतून येऊन मी नुकता पंख्याखाली टेकलो होतो, तेवढ्यात कन्येनं मोबाइल नाकासमोर धरला.

"पप्पा, तीन दिवसांत मेजर ठरवायचाय."

आई कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. तिनं मान वर केली. "कोण मेजर? आपल्यात कुणी पलटणीत नाही."

"आजी, कॉलेजातला मेजर. म्हणजे मुख्य विषय. आणि दुसरा असतो तो मायनर."

मायनर म्हटल्यावर मात्र आई सावरून बसली. हा शब्द तिच्या घरचा. प्रवरेच्या कालव्याखाली चाळीस वर्षं शेती केलेल्या बाईला मायनर कुणी शिकवायला नको. आधी मोठा कालवा, त्याला मायनर, मायनरला चारी आणि चारीच्या अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, आमची अडीच एकर.

"मायनरच्या नादी लागू नको बाळा," ती म्हणाली. "आवर्तन सुटलं तरी टेलला पाणी येत नाही. वरचेच दाबून घेतात."

पुढच्या तीन दिवसांत सल्ले खंडीभर मिळाले, पण नव्या शैक्षणिक धोरणावर इतकं नेमकं भाष्य दुसऱ्या कुणी केलं नाही.

झालंय असं, की हे धोरण आमच्याकडच्या संलग्न कॉलेजांना २०२४-२५ पासून लागू झालं. बी.ए.च्या पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या मानानं घ्यायचे. वर्षभर तिघांना एका पंगतीत वाढायचं. वर्ष सरलं की एकाला म्हणायचं, तू मेजर, ये, पाटावर बस. दुसऱ्याला म्हणायचं, तू मायनर, जरा कडेला सरक. आणि तिसऱ्याला पान उचलायला सांगायचं. भावाभावांची वाटणीसुद्धा याहून सभ्यपणे होते. निदान तिथं सरकारी मोजणीदार येतो, खुणेचे दगड रोवतो, आणि पुढची वीस वर्षं भांडायला काहीतरी कागद हातात राहतो.

कन्येचे तीन विषय होते मानसशास्त्र, अर्थशास्त्र आणि भूगोल. माझी स्वतःची पदवी भूगोलाची आहे. तेव्हा या प्रकरणात मी तटस्थ नव्हतो, हे आधीच कबूल करून टाकतो. पान उचलायला सांगितलेल्या माणसाच्या जागी मी तिघांपैकी कुणालाही बघायला तयार होतो, फक्त भूगोल सोडून.

आता मी भूगोल का घेतला, तेही सांगायला हवं. घरात ही गोष्ट आजवर 'पप्पांना पहिल्यापासून निसर्गाची ओढ' अशी सांगितली गेली आहे. सांगणारा मीच.

साल १९९४. आमच्या वेळी मेजर नव्हता, 'स्पेशल' होता. पुणे विद्यापीठ तेव्हा नुसतंच पुणे विद्यापीठ होतं. सावित्रीबाईंचं नाव लागलं २०१४ साली. एफ.वाय.ला प्रत्येक विषयाचा जी-वन, म्हणजे एक जनरल पेपर. एस.वाय.ला गेलं की एक विषय स्पेशल घ्यायचा, त्याचे एस-वन, एस-टू. टी.वाय.ला एस-थ्री, एस-फोर. 'तुझा स्पेशल काय?' हा प्रश्न मित्रांपासून मुलीकडच्या मंडळींपर्यंत सगळे विचारायचे. हॉटेलात चहा स्पेशल म्हटला की निदान दूध तरी जास्त असतं. इथं जास्त काय असतं, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक नसायचं आणि सांगणाऱ्यालाही.

मला अर्थशास्त्र हवं होतं. १९९१ नंतरचे ते दिवस. पेपरात रोज उदारीकरण, खुली बाजारपेठ, परकीय गंगाजळी. गंगाजळी म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण शब्द भारदस्त होता. आपण अर्थशास्त्र घ्यायचं आणि थेट दिल्लीला जायचं, असा सरळ बेत होता. अडचण एकच होती. अर्थशास्त्र स्पेशलचा पहिला तास सकाळी सात वीसला. आमच्या गावची मुक्कामी गाडी साडेसहाला सुटायची आणि तालुक्याच्या स्टँडवर सात चाळीसला लागायची. गाडीचा यात काही दोष नव्हता. ती वेळेवर सुटायची, वेळेवर पोचायची. फक्त तिच्या वेळेची आणि अर्थशास्त्राच्या वेळेची एकमेकांशी ओळख नव्हती. भूगोल स्पेशलचा तास होता आठ दहाला.

झाला माझा भूगोल स्पेशल. ओढ होती, पण निसर्गाची नव्हे, एसटीची.

पहिले सहा महिने मी खडकांचे प्रकार आणि वाऱ्यांच्या दिशा निमूटपणे पाठ केल्या. मग एके दिवशी प्रॅक्टिकलला सरांनी टेबलावर टोपोशीट, म्हणजे स्थलदर्शक नकाशा, पसरलं. १ : ५०,००० प्रमाणाचं, घड्यांवर कापड चिकटवलेलं, पिढ्यान्‌पिढ्या मुलांची कोपरं टेकून मऊ पडलेलं. पाणी निळं, शेती पिवळी, वस्ती तांबडी, आणि सगळ्यावरून केसासारख्या बारीक तपकिरी समोच्च रेषा, वीस-वीस मीटरच्या अंतरानं. सर म्हणाले, आपापलं गाव शोधा. दहाएक डोकी एकदम खाली वाकली. प्रवरेच्या काठानं बोट सरकवत सरकवत गेलो आणि सापडलं. चार तांबडे ठिपके, एक विहीर, एक देऊळ आणि मोठ्या रस्त्यापर्यंत आलेली एक वाकडी रेघ.

वाकडा रस्ता पट्टीनं मोजता येत नाही. त्यावर दोरा ठेवायचा, वळणावळणानं बसवायचा, मग सरळ करून पट्टीवर धरायचा. मी शर्टाच्या बटणाचा लोंबता दोरा तोडून घेतला. गाव ते फाटा, चौदा मिलिमीटर. या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. म्हणजे चौदा मिलिमीटरचे झाले सातशे मीटर. आमच्याकडची माणसं जन्मभर पाहुण्यांना सांगत आली होती, 'फाट्यावर उतरा, गाव जरासं आत आहे.' ते जरासं किती, हे गावातल्या पहिल्या माणसाला आज कळलं होतं आणि तो माणूस मी होतो. त्या दिवशी मी फाट्यावर उतरून मुद्दाम पावलं मोजत घरी गेलो. हजार भरली. भूगोल मला आवडायला लागला तो तिथून. म्हणजे विषय घेतल्यावर साधारण सहा महिन्यांनी.

त्या भूगोलाचं पुढं काय झालं? पतसंस्थेत वसुली विभाग. हसू नका. कर्जदाराचा पत्ता अर्जावर 'मळा, मु. पो. अमुक' एवढाच असतो. ओढ्याच्या अलीकडचा मळा की पलीकडचा, पावसाळ्यात तिकडे मोटारसायकल जाते की नाही, आणि आपण पुढच्या दारी पोचलो की कर्जदार मागच्या बांधावरून कुठल्या दिशेला निघेल, हे सगळं भूगोलच आहे.

असो. घरात बैठक भरली.

पहिला बोलला धाकटा मेहुणा. तो पुण्यात राहून सहा वर्षं राज्यसेवा देतोय, त्यामुळे त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर चार पर्यायांत असतं. "दाजी, तुम्हाला पॅटर्न बदललेला माहीत नाही. २०२५ पासून मुख्य परीक्षा लेखी. ऑप्शनल परत आलाय. अडीचशे-अडीचशेचे दोन पेपर. तिला भूगोल द्या, डोळे झाकून." मला भरून आलं. "पण," तो पुढं म्हणाला, "अर्थशास्त्र पण वाईट नाही. मानसशास्त्राचा अभ्यासक्रम आटोपशीर आहे. तसं मराठी साहित्य घेतलं असतं तर…" पर्याय ड, वरीलपैकी सर्व.

शेजारचे भाऊसाहेब आले. ते निवृत्त तलाठी. त्यांनी चहा बशीत ओतला, तिन्ही विषयांची नावं शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "यातल्या कुठल्या विषयात सातबारा वाचायला शिकवतात?" कुठल्याच नाही म्हटल्यावर त्यांनी उरलेला चहा संपवला आणि ते गेले.

आत्याचा फोन आला. तिचा मानसशास्त्राला कडाडून विरोध. "पोरगी समोरच्याच्या मनातलं ओळखायला लागली तर सासरी कसं निभायचं?" मी म्हटलं, आत्या, तू काहीही न शिकता सगळ्यांच्या मनातलं ओळखतेस, तुझं निभलंच की. त्यावर फोन ठेवण्याचा आवाज झाला.

बायको एकटी शांत होती. तिचं बी.कॉम. झालंय. बी.कॉम.वाल्यांना विषय निवडायचा त्रास आमच्याइतका कधी झाला नाही, त्यामुळे आयुष्याकडे बघण्याची त्यांची एक स्वच्छ ताळेबंदी नजर असते. ती एवढंच म्हणाली, "अहो, तिला विचारलंत का?"

खरंच की. कन्येला विचारायचं राहून गेलं होतं. ती आतल्या खोलीत फॉर्म भरत बसली होती. मी जाऊन बघतो तर मेजर-मायनर ही त्या फॉर्मची नुसती वेस होती, गाव पुढंच होतं. व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, सीसी, ओजेटी, स्टँडवरच्या पाट्यांसारखी अक्षरं ओळीनं उभी. एकेका पाटीखाली विषयांची 'बास्केट'. बास्केट हा अधिकृत शब्द आहे, मी नाही केला. एका बास्केटमधून दोन क्रेडिटची भारतीय ज्ञान प्रणाली मागच्याच वर्षी उचलून झाली होती. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेचा चालत नाही, म्हणून कलाशाखेची ही मुलगी वाणिज्य शाखेच्या दारात जाऊन काहीतरी घेऊन आली होती. रविवारच्या बाजारात मेथीची जुडी घेतली की कोथिंबिरीची काडी वर मिळते. इथं काडीलासुद्धा परीक्षा आहे. सगळं मिळून एका सत्राचे २२ क्रेडिट.

क्रेडिट म्हटल्यावर मी कान टवकारले. आमचा धंदाच पतपुरवठ्याचा.

"ही क्रेडिटं जमा कुठं होतात?"

"अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, पप्पा. माझं खातं आहे तिथं."

"व्याज?"

"व्याज नसतं."

"मुदत?"

"सात वर्षं टिकतात म्हणे."

बिनव्याजी ठेव आणि सात वर्षांनी बाद. अशी योजना आमच्या पतसंस्थेनं काढली असती तर ठेवीदारांनी काचा ठेवल्या नसत्या. वर आणखी सोय अशी, की एक वर्षानं बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. आमच्यात याला मुदतपूर्व ठेव मोडणं म्हणतात, आणि ते करायला आलेल्या माणसाला आम्ही आधी खुर्ची देतो, मग पाणी, मग घरी सगळं ठीक आहे ना विचारतो.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून तिच्याबरोबर कॉलेजात गेलो. विषय निवडीचं मार्गदर्शन होतं. हॉलमध्ये प्रत्येक विभागानं टेबल मांडलेलं. मला वाटलं होतं, मुलं रांगेत उभी असतील आणि प्राध्यापक मान वर करणार नाहीत. आमच्या वेळी तसंच होतं. इथं उलट. मुलं मोबाइल बघत आरामात हिंडत होती आणि प्राध्यापक टेबलाच्या अलीकडे येऊन उभे होते. कारण साधं आहे. विषयाला मुलं नाहीत तर तासिका नाहीत, तासिका नाहीत तर कार्यभार नाही, आणि कार्यभार नाही म्हणजे काय हे घरी हप्ते चालू असलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. एका टेबलावर पेढे होते. कुठल्या विषयाचं ते सांगत नाही. दोन खाल्ले.

अर्थशास्त्राच्या टेबलावर आलेख होते, सगळे वर जाणारे. मानसशास्त्राच्या टेबलावर काही नव्हतं. एक मॅडम नुसत्या बसल्या होत्या आणि समोर तीस मुली. भूगोलाच्या टेबलावर पृथ्वीचा गोल, पर्जन्यमापक, प्रिझमॅटिक कंपास, आणि, माझा ऊर भरून आला, घड्यांवर कापड चिकटवलेलं टोपोशीट. टेबलामागचे सर माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. मी ओळख दिली. "मी भूगोल स्पेशल. शहाण्णवची बॅच." त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. या टेबलाशी आपण होऊन आलेला त्या दिवसातला मी बहुधा पहिलाच माणूस असावा, आणि नेमका माझा प्रवेश घेता येत नव्हता.

सरांनी कन्येला सगळं सांगितलं. जीआयएस, उपग्रहाच्या प्रतिमा, मोबाइलमधला नकाशा चालतो कसा, धरणं, पूर, पाणलोट, नोकऱ्या. चांगलं सांगितलं. मला वाटलं, झालं, पटली. कन्येनं नम्रपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"सर, मेजरची लेक्चर्स किती वाजता?"

"सकाळी सात वीस."

माझ्या पोटात खड्डा पडला. तीस वर्षांत विद्यापीठाचं नाव बदललं, पॅटर्न किती बदलले त्याची गणती नाही, स्पेशलचा मेजर झाला. सात वीस मात्र आपल्या जागेवर होते. फक्त अर्थशास्त्राकडून उठून भूगोलाकडे येऊन बसले होते.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "अगं, तुला कुठं एसटी धरायचीय? घर एक किलोमीटरवर. स्कूटी आहे."

"स्कूटी उठते पप्पा. मी नाही उठत."

मानसशास्त्र होतं अकराला. रीतसर सांगायचं तर तिच्याकडे इतरही कारणं होती. मागच्या सत्रात स्मरण आणि विस्मरणाचा धडा तिनं परीक्षा झाल्यावरही पुन्हा वाचला होता, आणि आजी सकाळचं जेवण विसरते पण १९७२ च्या दुष्काळातली सुकडी विसरत नाही, हे असं का, म्हणून ती आठवडाभर आजीच्या मागं लागली होती. हे मला घरी आल्यावर बायकोनं सांगितलं. मुलगी शेवटी आपल्याच पोटची. मी म्हटलं, ही कारणं तिनं वेळापत्रक बघितल्यावर शोधली असणार. बायको म्हणाली, सगळेच काही तुमच्यासारखे नसतात.

मेजर मानसशास्त्र. मायनर भूगोल, कारण मायनरचे तास होते साडेबाराला. आणि पान उचललं गेलं अर्थशास्त्राचं. ज्या विषयासाठी मी एकेकाळी मुक्कामी गाडीच्या नावानं बोटं मोडली होती, तो माझ्या घरातून दुसऱ्यांदा उपाशी उठून गेला, तेही पेपरात रोज त्याचीच बातमी असताना. फॉर्मवरचं शेवटचं बटण कन्येनं मला दाबायला दिलं. मी चष्मा पुसला, सगळं दोनदा वाचलं आणि दाबलं. सर्व्हर बंद होता. रात्री अकराला ते तिचं तिनंच दाबलं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "घेतलीच का शेवटी मायनर? बरं, भूगोलाची आहे ना? मग बघू, टेलला किती येतं ते."

सत्र सुरू झालं आणि एक नवीच भानगड उपटली. मानसशास्त्राची प्रॅक्टिकलं माणसांवर करतात. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला मराठीत प्रयुक्त म्हणतात, पण मुलं सरळ 'सब्जेक्ट' म्हणतात. तीन दिवस खल करून विषय तिनं निवडला होता आणि सब्जेक्ट झालो मी.

एका रविवारी दुपारी तिनं मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. आवाज एकदम बदललेला. "ही तुमच्या बुद्धिमत्तेची परीक्षा नाही. मनावर कोणताही ताण घेऊ नका." हे वाक्य ऐकून ताण आला. समोर पुठ्ठ्याची एक पट्टी. तिच्यावर दोन आडव्या रेषा. एकीच्या टोकांचे बाण आत वळलेले, दुसरीचे बाहेर फाकलेले. दुसरी रेषा सरकवता येते. दोन्ही रेषा सारख्या लांबीच्या वाटल्या की थांबायचं. मागच्या बाजूला मिलिमीटरची पट्टी असते, ती फक्त प्रयोग करणाऱ्याला दिसते. मुलर-लायरचा दृष्टिभ्रम म्हणतात याला.

मी हसलो. म्हटलं, बाळा, हे दुसऱ्या कुणाला दाखव. ज्या माणसानं बटणाच्या दोऱ्यानं गाव ते फाटा मोजलंय त्याला रेषा काय फसवणार? बाह्या सावरल्या, एक डोळा मिटला, रेषा हळूहळू सरकवली आणि थांबलो. तिनं मागं बघून आकडा लिहिला. असं दहा वेळा झालं. मग बायकोची पाळी. मग आईची. आईनं चष्मासुद्धा लावला नाही; लसणाच्या हातानंच सरकवून मोकळी झाली.

निकाल लागला. बायकोची सरासरी चूक सहा मिलिमीटर. आईची तीन. बांध बोटभर सरकला तरी लांबून ओळखणारी बाई ती, तिला बाणांनी काय होणार.

"आणि माझी?"

"चौदा."

मी तिची वही ओढून आकडे बघितले. चौदाच होते. १ : ५०,००० नं हिशेब सांगायचीही गरज नव्हती.

कन्येनं पेन सरसावलं. "आता अंतर्निरीक्षण. प्रयोग करताना तुम्हाला काय वाटलं ते सांगा, मी जर्नलमध्ये लिहिते."

"लिही, गावात पोचलो असं वाटलं, बघतो तर फाट्यावरच उतरलो होतो."

"असं नाही चालत, पप्पा," ती म्हणाली. "मॅडम सही करणार नाहीत."